कुंडलिकेची होडी, मुळशीचं पाणी

आमच्या गटाची सहल गेली होती हे आता पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत झालंय. हेल्मेट घालून काढलेला आमचा फोटो ज्याच्या त्याच्या फोनवर फिरला. पारावर बोलूनही झालं, की बायांना आता म्हातारपणी पाण्यात उड्या मारायचं सुचलंय. बोलू देत. आज त्या सहलीचं सांगतो, आणि सहलीत आम्हाला जी एक जुनी गोष्ट सापडली तीही सांगतो. ती शंभर वर्षांपूर्वीची आहे. ती गोष्ट आम्हाला कुणी शाळेत शिकवली नव्हती. आमच्या दारातल्या पाण्याशी तिचा संबंध आहे, हे तर मुळीच माहीत नव्हतं.

ज्या बाया आपला कार्यक्रम नव्यानं ऐकतात त्यांच्यासाठी एवढं सांगतो, की आम्ही उजनीच्या फुगवट्याकाठच्या. हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी येतात. ते बघायला पुण्यामुंबईची माणसं येतात, आमच्यातल्या तिघींच्या घरचे त्यांना होडीतून फिरवतात आणि आमचा गट त्यांना जेवू घालतो. चिलापीचं कालवण, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. धंदा बरा आहे, पण तो चार महिन्यांचा. पक्षी उडाले की चूल थंड. मग कुणीतरी म्हणालं, रायगड जिल्ह्यात कोलाडला जाऊन बघा, तिथं धरणाच्या पाण्यावर जवळजवळ बारा महिने होड्या चालतात, राफ्टिंग म्हणतात त्याला. बघू तरी कसं करतात ते, म्हणून वर्षभर दर आठवड्याला पन्नास रुपये वेगळे टाकले आणि गाडी ठरवली. अकरा जणी निघालो. शिकायला चाललोय असं घरी सांगितलं होतं. सुट्टी म्हणून चाललो होतो हेही तितकंच खरं.

पुणं सोडलं, पौड गेलं, आणि ताम्हिणी घाटाच्या अलीकडे मुळशीचं धरण लागलं. चहाला थांबलो. समोर नजर पोचेल तिथवर पाणी, भोवती हिरवे डोंगर. मुली फोटो काढायला पळाल्या. आमच्यात एक साठीला आलेली बाई आहे, सगळ्या तिला आत्या म्हणतात. ती मात्र कपबशी हातात घेऊन नुसती काठाकडं बघत उभी. मग म्हणाली, "ह्याच्या खाली गावं हायेत."

आम्ही म्हटलं, तुला कसं कळलं? तर म्हणाली, "घरं बघा की. पाण्याकडनं वर सरकत गेलेली दिसत्यात. कुणी आपल्या मनानं अशा उतारावर घर बांधतंय व्हय?"

आत्याचं माहेर उजनीत गेलं. तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती. २०१६ च्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी पार खाली गेलं, पळसदेवाचं जुनं देऊळ उघडं पडलं आणि लोक ते बघायला जत्रेसारखे लोटले, तेव्हा ही एकटी चिखल तुडवत आपल्या गावठाणात गेली होती आणि घराच्या उंबऱ्याचा दगड शोधून आली होती. तिची नजर त्या बाबतीत चुकत नाही. चहावाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, टाटांचं धरण, लई जुनं, इंग्रजांच्या काळातलं. गाडी सुटायची वेळ झाली म्हणून ते तिथंच राहिलं.

घाट उतरलो, विळ्यावरून सुतारवाडीच्या रस्त्यानं कोलाडकडे गेलो, मुक्काम केला. सकाळी सात वाजता आम्ही तयार. पण तिथं कुणालाच घाई नाही. मुलं निवांत होड्यांत हवा भरतायत, कुणी पोहे खातंय. नदीकडं बघितलं तर नदी कसली, गोट्यांच्या मधून वाकडंतिकडं वाहणारं गुडघाभर पाणी. आम्ही एकमेकींकडं बघायला लागलो. ह्यात होडी चालणार? तिथला एक पोरगा म्हणाला, "थांबा मावशी, अजून पाणी सोडलं नाही."

आणि खरंच, थोड्या वेळानं पाणी आलं. लोंढा आल्यासारखं नाही, चढत चढत आलं. एक गोटा बुडाला, दुसरा बुडाला, मधली खडी दिसेनाशी झाली, आणि बघता बघता दोन्ही काठ भरून नदी आवाज करत वाहायला लागली. पाऊस नाही, ढग नाही. आम्ही धरणाकाठच्या बाया, पाणी सोडणं म्हणजे काय ते आम्हाला माहीत आहे. पण नदीला असं नळासारखं चालू होताना समोर उभं राहून बघणं निराळं.

मग तयारीला लागलो. तिथं साडी चालत नाही. पाण्यात पडलं की पदर, निऱ्या पायात आणि दोरात अडकतात म्हणून. आत्या म्हणाली, माझं नऊवारी आहे, कासोटा मारलाय, तुमच्या पँटपेक्षा घट्ट बसतं. बराच वाद झाला. शेवटी तिनं नातवाची ट्रॅक पँट घातली आणि वर बजावलं, की हिचा फोटो काढणाऱ्याला जेवण मिळणार नाही. गाइडनं सगळ्यांना विचारलं, रक्तदाब आहे का, हृदयाचं दुखणं आहे का, कुणी पोटुशी आहे का, ऑपरेशन झालंय का. हे विचारणं आम्हाला आवडलं. आमच्याकडं होडीत बसवताना कुणी विचारत नाही. लाइफ जॅकेट त्यानं एकेकीचं स्वतः ओढून बघितलं, खांद्याचे पट्टे वर उचलून बघितले. सैल असेल तर बाई खाली आणि जॅकेट वर, असं होतं म्हणे.

मग काठावरच शिकवणी. वल्ह्याच्या टोकाला आडवी मूठ असते, ती कधी सोडायची नाही, नाहीतर शेजारणीचे दात जातात. 'फॉरवर्ड' म्हटलं की सगळ्यांनी एकदम पुढं मारायचं, 'स्टॉप' म्हटलं की थांबायचं. पाण्यात पडलात तर उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, पाय दगडाच्या फटीत अडकतो आणि वरून पाणी दाबतं. उताणं व्हायचं, पाय पुढं करायचे, पायाची बोटं आणि नाक पाण्याच्या वर ठेवायचं आणि दोर येईपर्यंत वाहत राहायचं. नदीच्या खळाळांना एक ते सहा अशी श्रेणी असते. एक म्हणजे नुसती लाट, सहा म्हणजे जिवावरची. कुंडलिकेवर दोन आणि तीन.

आमच्या होडीचा गाइड नेपाळचा होता. तो मागं बसला, आम्ही आठ जणी पुढं. उरलेल्या तिघी पुण्याच्या कॉलेजच्या पोरांबरोबर बसल्या. पहिल्या खळाळाला त्या मंडळींनी 'गुड मॉर्निंग' नाव ठेवलंय. ते का, ते आम्हाला लगेच कळलं. पाण्याची थंड थप्पड तोंडावर बसली आणि कुणाला काय ओरडावं सुचेना, म्हणून सगळ्या 'विठ्ठल विठ्ठल' करायला लागल्या. गाइडला वाटलं वल्ही मारायचा ताल धरलाय. तोही 'विठ्ठल' म्हणायला लागला, आणि खरं सांगतो, त्या तालावर आमची वल्ही जशी एकत्र पडली तशी त्या पोरांची शेवटपर्यंत पडली नाहीत. तिसऱ्या की चौथ्या खळाळाला आमची खजिनदार पाण्यात गेली. गटाच्या हिशेबात जी एक रुपया सोडत नाही तिनं वल्हं तेवढं लगेच सोडलं. पण शिकवल्याप्रमाणं उताणी झाली, पाय पुढं केले, आणि गाइडनं तिला जॅकेटच्या खांद्याला धरून एका झटक्यात माशासारखी आत घेतली. आत आल्यावर ती रडेल असं वाटलं होतं. ती हसायला लागली आणि तिचं हसू दहा मिनिटं थांबेना. वीस वर्षांत आम्ही तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

खळाळ संपला की नदी शांत होते. अशा एका जागी होडी नुसती वाहत होती. आत्यानं मागं वळून गाइडला विचारलं, "बाबा, हे पाणी सोडतं कोण?"

त्याच्या मोडक्या हिंदीतून आणि नंतर काठावरच्या गावातल्या पोरांकडून कळलं ते असं. वर भिऱ्याला वीजघर आहे. वीज करून झाली की पाणी बाहेर पडतं, खाली रावळज्याला अडतं आणि तिथून नदीत सुटतं. ज्या दिवशी पाणी सुटत नाही त्या दिवशी होड्या काठावर. मग भिऱ्याला पाणी कुठून येतं? डोंगरावरून, नळातून. डोंगरावर कुठून? तर मुळशीहून.

आत्या काही बोलली नाही. आम्हीच बोललो, कारण आता आमच्या डोक्यात गोंधळ झाला. मुळशीची नदी म्हणजे मुळा. मुळा पुण्याला येते, मुठेला मिळते, मुळा-मुठा पुढं रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, आणि भीमा आमच्या उजनीत येते. तीच पुढं पंढरपूरला चंद्रभागा होते. म्हणजे मुळशीचं पाणी पूर्वेला, आमच्याकडं यायचं पाणी. ते पश्चिमेला, कोकणात, कसं काय वाहतंय? आम्ही ज्यावर तरंगत होतो ते पाणी उलट्या दिशेला आलेलं होतं.

घरी आल्यावर आम्ही हे शोधायला बसलो. तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणली, हायस्कूलच्या बाईंनी मदत केली. राजेंद्र व्होरा यांनी मुळशीच्या लढ्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. त्याच्या इंग्रजी आवृत्तीच्या नावातच म्हटलंय, की ही जगातली पहिली धरणविरोधी चळवळ. जगातली पहिली, आणि आमच्यातल्या एकीलाही ती माहीत नव्हती.

झालं ते असं. मुंबईच्या कापडगिरण्या कोळशावर चालायच्या आणि कोळसा लांबून आणावा लागायचा. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस बेसुमार पडतो आणि कोकण त्याच्या पायाशी, अर्धा किलोमीटर खाली. माथ्यावर पाणी अडवायचं, डोंगर पोखरून ते लोखंडी नळांतून खाली कोकणात सोडायचं, त्या धारेवर चाकं फिरवायची आणि वीज मुंबईला न्यायची, ही टाटांची योजना. १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं, १९२२ साली भिवपुरीचं. तिसरं मुळशीचं. निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं आणि पाणी भिऱ्याला उतरवायचं.

आता, त्या खोऱ्यात माणसं राहत होती. ५० हून जास्त गावं, सुमारे ११ हजार माणसं. मावळे म्हणायचे त्यांना. भाताची शेती, मुळशीचा आंबेमोहोर तर अजून नाव टिकवून आहे. त्यांना आधी कुणी काही विचारलं नाही. शेतात येऊन चाचणीचे खड्डे खणायला सुरुवात झाली. एका शेतकऱ्यानं हरकत घेतली तर गोऱ्या साहेबानं त्याच्यावर पिस्तूल रोखलं. तिथून ठिणगी पडली.

लढ्याचं पुढारीपण केलं पांडुरंग महादेव बापट यांनी. पारनेरचे. विलायतेला शिकायला गेलेले, तिथून बॉम्ब करायची विद्या शिकून आलेले, आणि परत आल्यावर पारनेरात हातात झाडू घेऊन रस्ते झाडणारे. असा माणूस आम्हाला नीट समजतो असं म्हणणार नाही. पण झाडू हातात घेतलेला पुरुष म्हटल्यावर आमच्या गटात त्यांचं वजन एकदम वाढलं. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीनं उभे राहिले.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी हजाराच्या वर मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. बाया होत्या, पोरं होती. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. काम बंद पडलं. गांधीजींनीही लिहिलं, की टाटांनी कायद्याच्या हक्कावर अडून न बसता या लोकांशी बोलावं. कंपनीनं काम काही महिने थांबवलं. लोकांना वाटलं जिंकलो.

या महिन्यांत काय झालं ते आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि लढ्याच्या गोष्टीत ते एका ओळीत उरकतात. त्या खोऱ्यातली बरीच जमीन तोवर पुण्याच्या सावकारांकडं गेलेली होती. कसणारा मावळा, कागदावर नाव दुसऱ्याचं. सरकारनं जमीन घेतली ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली. त्या कायद्यात मोबदला म्हणजे पैसा, आणि पैसा कागदाच्या मागं जातो. जमिनीऐवजी जमीन नाही, नवं गावठाण नाही. सावकारांना धरण अडवण्यापेक्षा भाव वाढवून घेण्यात रस होता. त्यांची घासाघीस सुरू झाली आणि लढ्याला आतून भेग पडली. ज्यांची चूल तिथं पेटत होती त्यांना भरपाईत हिस्सा थोडा, म्हणण्यात त्याहून थोडा. आणि बायांचं तर विचारूच नका. ज्या बाया धरणाच्या जागेवर ठाण मांडून बसल्या, त्यांच्यातल्या किती जणींचं नाव जमिनीच्या कागदावर असेल? आमच्या गटात आज अकरापैकी चौघींचं सातबाऱ्यावर नाव आहे, आणि त्यातल्या दोघींचं नवरा वारल्यानंतर लागलंय.

डिसेंबर १९२१ मध्ये काम पुन्हा सुरू झालं आणि सत्याग्रहही. या वेळी धरपकड झाली. पुरुष तुरुंगात गेले तशा बायाही गेल्या. मावळातली बाई, जिनं कदाचित पुणंही पाहिलं नसेल, ती पहिल्यांदा घर सोडून गेली ती तुरुंगात. मागं घरी कोण होतं, दुभत्या जनावराचं कुणी केलं, पोराला कुणी पाजलं, हे आम्ही पुस्तकात शोधलं. ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

हळूहळू लोक थकले. एकेक घर भरपाई घेऊन उठलं. शेवटी १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी थोड्या साथीदारांना घेऊन बांधकामाच्या रेल्वेगाडीवर शस्त्र घेऊन हल्ला केला आणि स्वतःहून पोलिसांच्या हाती गेले. सात वर्षांची शिक्षा झाली. 'सेनापती' हे नाव त्यांना या लढ्यानं दिलं. यावर आमच्यात भांडण झालं. एक म्हणाली, बसून ऐकत नाहीत म्हटल्यावर करणार काय माणूस? दुसरी म्हणाली, तोवर बाया तुरुंग भोगून घरी आल्या होत्या, त्यांना कुणी सेनापती म्हटलं का? ते भांडण अजून मिटलेलं नाही.

१९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. मुंबईच्या गिरण्यांना, आगगाड्यांना वीज मिळाली. खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली. कुणी वर उतारावर सरकलं, तीच घरं आत्यानं बघितली, कुणी कुठं पांगलं. ज्यांच्या शेतावर तळं झालं त्यांच्या घरात दिवा लागायला पुढं कित्येक वर्षं गेली. आणि १८९४ चा तो कायदा? तो बदलायला २०१३ साल उजाडलं. आमच्या उजनीच्या वेळी निदान महाराष्ट्राचा १९७६ चा पुनर्वसनाचा कायदा होता. त्यातून काय मिळालं आणि काय नाही, तो वेगळा कार्यक्रम होईल. पण मुळशीकरांना तेवढंही नव्हतं.

आता या रबरी होडीचं थोडं सांगतो, कारण तिलाही इतिहास आहे आणि त्यात एक बाई आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करानं हवेच्या रबरी होड्या ढिगानं केल्या. युद्ध संपल्यावर त्या स्वस्तात विकायला निघाल्या. लोकांनी त्या घेतल्या आणि डोंगरातल्या नद्यांवर माणसं फिरवायला लागले. तिथं कोलोरॅडो नावाची नदी आहे, खोल दरीतून वाहणारी. त्या नदीवर जॉर्जी व्हाइट नावाच्या बाईनं हा धंदा उभा केला. तिची पंधरा वर्षांची मुलगी सायकलवरून जाताना एका दारुड्याच्या गाडीखाली गेली. त्या दुःखात ही बाई नदीकडं वळली. १९४५ साली नुसतं लाइफ जॅकेट घालून एका सोबत्याबरोबर त्या नदीतून वाहत गेली. पुढं तिनं तीन मोठ्या होड्या एकमेकींना बांधायची युक्ती काढली, म्हणजे उलटायची भीती कमी आणि माणसं जास्त, खर्च वाटला जातो. त्यामुळं साध्या लोकांना, म्हाताऱ्यांना जाता यायला लागलं. ऐंशीपर्यंत ती होडी हाकत होती, आणि तेही बिबट्याच्या ठिपक्यांचा पोहायचा पोशाख घालून. हे वाचल्यावर आत्या म्हणाली, मग माझी ट्रॅक पँट काय वाईट होती.

आपल्याकडंही एक मोठी गोष्ट घडलेली आहे. एव्हरेस्ट चढणाऱ्या पहिल्या भारतीय बाई बचेंद्री पाल. त्यांनी १९९४ साली अठरा बायांना घेऊन तीन राफ्टमधून हरिद्वारपासून कलकत्त्यापर्यंत गंगेतून प्रवास केला. २,१५५ किलोमीटर, ३९ दिवस. त्या नोकरीला होत्या टाटांच्याच पोलादाच्या कंपनीत. एका घराण्याच्या नावाखाली किती गोष्टी येतात बघा. एकीकडं मुळशीच्या बाया, एकीकडं ह्या.

तर परत आपल्या पाण्याकडं. मुळशी, लोणावळा, वळवण, ठोकरवाडी आणि बाकीची मिळून टाटांच्या धरणांतून दर वर्षी ४० टीएमसीहून जास्त पाणी भीमेच्या खोऱ्यातून उचलून पश्चिमेला जातं. पावसाळ्यात मुळशी भरून वाहते तेव्हा मुळेला थोडं येतं, तेवढंच. आमची उजनी सगळी भरली तर ११७ टीएमसी. म्हणजे किती मोठा घास आहे, तुम्हीच धरा. दुष्काळ पडला की आपल्याकडं मागणी होते, की ते पाणी परत इकडं वळवा, आता वीज दुसरीकडून करता येते. सोलापूरच्या बाजूला तर ही मागणी जुनी आहे. आम्हीही सहलीआधी असतो तर हात वर करून 'वळवा' म्हटलं असतं.

पण आम्ही तिथली नदी बघून आलोय. कुंडलिकेच्या काठाला शंभर वर्षं हे पाणी वाहतंय. कोलाडच्या खाली कालव्यांवर भातशेती आहे, भाजी आहे. रोह्याचे कारखाने आहेत, आणि त्यांनी नदीचं खालच्या अंगाला जे करून ठेवलंय तेही आहे. आम्हाला जेवण वाढणारी बाई त्याच नदीच्या गावची. तिचा मुलगा सकाळी होड्या फुगवतो. तिला आम्ही सांगितलं, की हे पाणी मूळचं आमच्याकडचं. ती वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "मग आता नेणार का?" तिच्या आवाजात जी भीती होती ती आम्हाला ओळखीची होती. आम्हाला उत्तर देता आलं नाही. तिनं पुढं तांदळाची भाकरी वाढली. आम्ही खाल्ली.

गटाच्या बैठकीत यावर दोन तास गेले. निकाल लागला नाही. खजिनदाराचं म्हणणं, पाण्याचा हिशेब आधी उघड मांडावा, कुणाला किती जातं ते, आणि जे बुडाले त्यांच्या गावांना त्यात पहिलं नाव असावं. एक जण म्हणाली, मुळशीचं पाणी मागायच्या आधी आपण आपला ऊस बघावा. ती स्वतः ऊसवाली आहे, म्हणून तिला कुणी काही बोललं नाही.

होडीच्या धंद्याचं म्हणाल तर, आमचं पाणी संथ आहे, इथं राफ्टिंग होणार नाही, हे तिथं पहिल्या तासात कळलं. पण दोन गोष्टी आम्ही उचलल्या. लाइफ जॅकेटशिवाय पाहुण्याला होडीत घ्यायचं नाही, आणि खांद्याचे पट्टे ओढून बघायचे. घरच्या पुरुषांनी कुरकुर केली. आता ऐकतात. दुसरी गोष्ट आत्याची. तिथला गाइड जसा प्रत्येक खळाळाचं नाव सांगत होता तसं आपल्या होडीत खालच्या गावाचं सांगायचं, असं तिनं ठरवलं. आता रविवारी ती पुढं बसते आणि हात करून सांगते, की इथं चावडी, इथं वडाचा पार, ह्या अंगाला आमची विहीर, तिला दोन मोटा लागायच्या, आणि आत्ता तुमची होडी आहे ना, तिथं माझ्या आईचं जातं होतं.

पहिल्या रविवारी पुण्याचं एक कुटुंब होतं. पोरं पाण्यात वाकून बघायला लागली, काही दिसतं का म्हणून. त्यांची आई बराच वेळ गप्प होती, मग तिनं विचारलं, की गाव हलवायच्या दिवशी तुम्ही काय काय बरोबर घेतलंत. आत्या सांगायला लागली. काठाला लागेपर्यंत सांगत होती, लागल्यावरही होडीतून कुणी उठेना, आणि इकडं आमच्या भाकऱ्या गार होत होत्या.